सर्व्हरचं 'नेहमीचं' किती, हे ठरवायचं कसं? बेसलाइनबद्दल मदत हवी

प्रश्न

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसातला फाइल सर्व्हर माझ्याकडे आला. आधी जे सांभाळत होते त्यांनी पासवर्ड आणि बॅकअपची माहिती व्यवस्थित लिहून दिली, पण मशीन रोज कसं चालतं याची एकही नोंद मागे नाही. जुने ग्राफ नाहीत, काही नाही.

मशीन असं आहे: डेबियन लिनक्स, ८ कोअर, ३२ जीबी रॅम, ८ टीबीच्या चार हार्ड डिस्क सॉफ्टवेअर रेड १० मध्ये (डेटाच्या प्रती डिस्कांमध्ये वाटून ठेवणारी मांडणी), १ गिगाबिटचं एकच नेटवर्क कार्ड. सांबाचे शेअर (विंडोजच्या कॉम्प्युटरवरून उघडता येणारे सामायिक फोल्डर) आहेत आणि त्याच मशीनवर एक अंतर्गत वेब अ‍ॅप्लिकेशन व त्याचा पोस्टग्रेस डेटाबेस चालतो. साधारण १८० माणसं वापरतात.

या सोमवारी सकाळी "सर्व्हर स्लो आहे" म्हणून फोनवर फोन आले. मी टॉप (मशीनचा चालू भार दाखवणारी कमांड) उघडलं. लोड ७.२, फ्री मेमरी ४०० एमबी, आयओस्टॅटमध्ये (डिस्कचा वापर दाखवणारी कमांड) डिस्क ९७ टक्के. घाबरले. दुपारनंतर आपोआप सगळं सुरळीत झालं. मंगळवारी कोणाचीच तक्रार नव्हती, तरी मी मुद्दाम त्याच वेळेला पुन्हा पाहिलं. लोड ५.९, फ्री ३५० एमबी, डिस्क ८८ टक्के. म्हणजे तक्रार नसतानाही आकडे जवळपास तेवढेच! मग सोमवारी बिघडलं होतं ते काय?

साहेब विचारतात, रॅम वाढवायची की नवीन सर्व्हर घ्यायचा. माझ्याकडे उत्तर नाही, कारण हे मशीन बरं असताना कसं दिसतं हेच मला माहीत नाही. सगळीकडे "आधी बेसलाइन घ्या" असं लिहिलेलं सापडतं (म्हणजे मशीन बरं असतानाच्या आकड्यांची नोंद), पण घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं? किती दिवस मोजायचं, किती मिनिटांनी, कोणते आकडे, आणि अलर्ट कितीवर लावायचा?

प्रतिसाद १

झॅबिक्स (मशीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) टाका, लिनक्सचं तयार टेम्प्लेट लावा. सीपीयू ८० टक्के, मेमरी ९०, डिस्क ९० यांवर अलर्ट. आम्ही सगळ्या मशीनवर हेच ठेवलंय, एका आठवड्यात अंदाज येतो. ३२ जीबीत ४०० एमबी फ्री म्हणजे रॅम कमीच पडतेय, ती आधी वाढवा.

प्रतिसाद २

ताई, रॅमची ऑर्डर थांबवा. तुम्ही मंगळवारी, तक्रार नसताना, त्याच वेळेला पुन्हा जाऊन पाहिलंत. बहुतेक लोक तेवढंच करत नाहीत. बेसलाइनची पहिली नोंद तुमच्या हातात आली आहे आणि ती बोलायलाही लागली आहे: लोड ६ च्या आसपास आणि फ्री ४०० एमबी हे या मशीनचं नेहमीचं आहे, आजाराचं लक्षण नव्हे.

फ्री मेमरीचं आधी सांगतो, कारण याच आकड्यापायी खूप पैसा वाया जातो. लिनक्स रिकामी पडलेली रॅम डिस्कवरच्या फाइलींची कॅशे (तात्पुरती प्रत) ठेवायला वापरतं. फाइल सर्व्हरवर तर ते हवंच असतं. गरज पडली की ती कॅशे लगेच सोडून देता येते. म्हणून फ्री कमांडच्या 'फ्री' रकान्याकडे न बघता 'अव्हेलेबल'कडे बघा. कर्नल ३.१४ पासून तो अंदाज कर्नल स्वतःच देतं. तो जर १५-२० जीबी असेल आणि स्वॅपमध्ये (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) सतत ये-जा नसेल, तर नवीन रॅम आणून काही साधणार नाही.

लोडचंही तसंच. लिनक्सवर लोड अ‍ॅव्हरेजमध्ये फक्त सीपीयूसाठी थांबलेल्या प्रोसेस मोजल्या जात नाहीत, डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेल्याही त्यात येतात. ८ कोअरवर ७ लोड म्हणजे सीपीयू दमला असं नाही. सीपीयू निवांत आणि सातही जण डिस्कच्या दारात उभे, असंही असू शकतं.

आता माझ्यावर काय बेतलं ते सांगतो. बेसलाइनसाठी मी एवढा आग्रह का धरतो ते त्याशिवाय कळणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका ऑफिसात होतो, तेव्हा आमचं जाळं १०० मेगाबिटचं होतं. लोकांची हीच तक्रार: फाइल उघडायला वेळ लागतो. आम्ही रॅम दुप्पट केली. फरक नाही. मग नवीन मशीन आणलं, दोन शनिवार-रविवार जागून डेटा हलवला. तरी फरक नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. शेवटी एका सहकाऱ्याने स्विचच्या पोर्टवरचे चुकांचे आकडे काढले आणि सीआरसीच्या चुका (वाटेत बिघडलेला डेटा) हजारोंनी निघाल्या. स्विचच्या बाजूला कोणीतरी वेग आणि फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायची मुभा) हाताने पक्के केले होते आणि सर्व्हरचं कार्ड ऑटोवर होतं. समोरून वाटाघाटीचा इशाराच येत नसेल तर ऑटोवरचं कार्ड नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्सवर जातं. एक बाजू एका वेळी एकानेच बोलायचं म्हणून थांबते, दुसरी मनाला येईल तेव्हा बोलते. लिंक चालू दिसते, पिंगही जातो, फक्त मोठी फाइल आली की सगळं कोलमडतं.

सेटिंग एका मिनिटात दुरुस्त झालं. मला आजही लागतं ते वेगळंच. ते चुकांचे आकडे मी स्वतः पहिल्याच आठवड्यात पाहिले होते. पण काउंटर सुरू झाल्यापासूनची बेरीज दाखवतो. आकडा मोठा होता, पण आधी किती होता, रोज किती वाढतो, कधीपासून वाढायला लागला, यातलं काही मला माहीत नव्हतं. "जुना असेल" म्हणून मी पुढे गेलो. आधीची एक ओळ जरी लिहिलेली असती तरी तो महिना वाचला असता. तहान लागल्यावर विहीर खणायला बसलो होतो.

आता तुमच्या प्रश्नांकडे येतो.

काय मोजायचं: दोनशे आकड्यांच्या मागे लागू नका. सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: वापर किती, रांग किती, चुका किती. ब्रेंडन ग्रेग यांनी मांडलेली ही पद्धत 'यूज मेथड' (युटिलायझेशन, सॅच्युरेशन, एरर्स यांची इंग्रजी आद्याक्षरं) म्हणून ओळखली जाते. तिचा मोठा फायदा असा की आपल्याला आवडतो तोच आकडा बघत बसायची सवय मोडते. वापर सगळेच बघतात, रांग थोडे लोक बघतात, चुकांकडे कोणी फिरकत नाही.

तुमच्या बाबतीत डिस्कची रांग सगळ्यात महत्त्वाची वाटते. ८८ टक्के आणि ९७ टक्के हा आयओस्टॅटचा 'युटिल' रकाना आहे ना? त्याचा अर्थ एवढाच, की त्या काळातला इतका वेळ डिस्कपाशी निदान एक तरी काम होतं. एक काम होतं की चाळीस, ते तो सांगत नाही. म्हणून शेजारचा 'अवेट' बघा, म्हणजे एक विनंती पूर्ण व्हायला सरासरी किती मिलिसेकंद लागले. तो वाचण्याचा वेगळा आणि लिहिण्याचा वेगळा घ्या. एकाच युटिलवर अवेट ८ मिलिसेकंद असू शकतो आणि ८० सुद्धा. माणसाला जाणवतो तो अवेट. आणि आयओस्टॅट किंवा व्हीएमस्टॅट चालवल्यावर पहिला येणारा अहवाल मशीन सुरू झाल्यापासूनच्या सरासरीचा असतो, तो सोडून द्या. तुम्ही सोमवारी तोच तर वाचला नाहीत ना, तेही तपासा.

कर्नल ४.२० किंवा पुढचं असेल तर 'प्रेशर' नावाच्या नोंदीही मिळतात. सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांपैकी कशाची वाट बघण्यात कामांचा किती टक्के वेळ गेला, हे त्या थेट सांगतात, १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासरीत. काही डिस्ट्रिब्युशनमध्ये ही सोय बूटच्या वेळी चालू करावी लागते. मला हा आकडा फार आवडतो, कारण "मशीन किती राबलं" हे बाजूला ठेवून "काम किती अडलं" एवढंच तो सांगतो.

यासोबत दोन गोष्टी हव्यातच, ज्या कुठल्या तयार टेम्प्लेटमध्ये सहसा नसतात. एक, त्या वेळी सर्व्हरने काम किती केलं: सांबाला जोडलेली माणसं किती, वेब अ‍ॅप्लिकेशनला मिनिटाला विनंत्या किती, पोस्टग्रेसचे व्यवहार किती. सीपीयू ७० टक्के झाला तेव्हा विनंत्याही दुप्पट असतील तर मशीन इमानाने राबतंय. विनंत्या तेवढ्याच आणि सीपीयू दुप्पट असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. दोन, माणसाला काय वाटलं. वापरणाऱ्यांच्याच जाळ्यातल्या एका कॉम्प्युटरवरून दर पाच मिनिटांनी ठरावीक २० एमबीची फाइल कॉपी करायची आणि लागलेले सेकंद लिहून ठेवायचे. एकच फाइल सारखी वाचली की ती सर्व्हरच्या कॅशेतून येईल आणि डिस्कचं दुखणं झाकलं जाईल, म्हणून वीस-पंचवीस जीबीच्या फाइलींचा संच करून त्यातली आळीपाळीने एकेक घ्या. "स्लो आहे" ही तक्रार त्यामुळे मोजता येते.

किती मिनिटांनी: सिसस्टॅट पॅकेज टाका, त्यातलं सार हे साधन यासाठी पुरेसं आहे. डेबियनवर पॅकेज टाकलं तरी नोंद घेणं बंदच असू शकतं, ते त्याच्या सेटिंगमध्ये चालू करावं लागतं. मूळ अंतर १० मिनिटांचं असतं, ते १ मिनिट करा. नेटवर्क एक मिनिटभर पूर्ण तुंबलं आणि उरलेली नऊ मिनिटं रिकामं होतं, तर दहा मिनिटांच्या सरासरीत ते १० टक्के दिसतं. ग्राफ सपाट, आणि त्या एका मिनिटात फोन मात्र वीस. सार जुन्या फाइली काही दिवसांनी पुसतं, डेबियनवर मूळ मुदत आठवड्याची असते. ती आजच, बाकी काही करायच्या आधी, ९० दिवस करा.

किती दिवस: आठवडा पुरत नाही, इथे मी वरच्या प्रतिसादाशी सहमत नाही. कामाचं एक पूर्ण चक्र त्यात यायला हवं. महिनाअखेरीचे अहवाल, पगारपत्रक, साप्ताहिक पूर्ण बॅकअप, सगळं. आणि जी कामं कोणी सांगत नाही ती सुद्धा: क्रॉनमध्ये आणि टाइमरमध्ये (ठरावीक वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयी) काय काय लावलंय त्याची यादी काढा. उदाहरणार्थ, डेबियनवर सॉफ्टवेअर रेडची तपासणी (सगळ्या डिस्क वाचून प्रती जुळतात का ते बघणं) महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर आपोआप सुरू होण्याची रीत वर्षानुवर्षांची आहे. हार्डवेअर रेड कंट्रोलर असेल तर काही मॉडेलमध्ये ठरावीक महिन्यांनी बॅटरीची चाचणी होते आणि तेवढा वेळ लिहिण्याची कॅशे बंद पडून सगळं लिखाण मंदावतं. अशा गोष्टी एका आठवड्यात दिसतीलच असं नाही. पाच-सहा आठवडे घ्या.

मांडायचं कसं: महिन्याची एकच सरासरी काढू नका. रात्रीचे रिकामे तास आणि सकाळचे भरलेले तास एकत्र केले की जो आकडा येतो तो दिवसातल्या कुठल्याच वेळेचा नसतो. वार आणि तास असे चौकोन पाडा. 'सोमवार ९ ते १०' यातले सगळे सोमवार घ्या, त्यांचा मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) काढा आणि ९५ वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली ९५ टक्के नोंदी येतात तो आकडा) काढा. हे दोन आकडे म्हणजे त्या तासाचं नेहमीचं. पर्सेंटाइल नेहमी मूळ नोंदींवरून काढा. प्रत्येक दिवसाचे पर्सेंटाइल काढून त्यांची सरासरी घेतली तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आणि एक वही. खरोखरची वही किंवा साधी टेक्स्ट फाइल. तारीख, वेळ, काय बदललं: कर्नल अपडेट, नवीन शेअर, स्विच बदलला, वीस माणसं वाढली. सर्व्हर, स्विच आणि त्या चाचणीच्या कॉम्प्युटरचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवून ठेवा, नाहीतर तीन ग्राफ शेजारी ठेवून तुम्ही तीन वेगळ्या क्षणांकडे बघत राहाल.

प्रतिसाद ३

मी नेटवर्कच्या बाजूचा, म्हणून तेवढंच. स्विचवरून एसएनएमपीने (उपकरणांकडून आकडे मागवायची पद्धत) ट्रॅफिक मोजणार असाल तर ६४ बिटचे काउंटर वापरा. जुने ३२ बिटचे बाइट काउंटर १ गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर ३४ सेकंदांत पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर येतात. दर पाच मिनिटांनी विचारलं तर मध्ये आठ-नऊ वेळा फिरून गेलेले असतील आणि ग्राफ अगदी शांत, पटण्याजोगा पण चुकीचा दिसेल. मी एका ठिकाणी असा ग्राफ दाखवून "लिंक रिकामी आहे" असं ठामपणे सांगितलं होतं. ती गच्च भरलेली होती.

दुसरं, वरची मर्यादा आधीच माहीत असू द्या. १ गिगाबिट इथरनेटवर नेहमीच्या १५०० बाइटच्या पॅकेटमध्ये टीसीपीचा खरा डेटा साधारण ९४१ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला सुमारे ११८ मेगाबाइटच्या पुढे जात नाही. रात्री एकदा आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजायचं साधन) चालवून तुमच्या जाळ्यात तो किती मिळतो ते लिहून ठेवा. पुढे ग्राफ ११० च्या आसपास सपाट छत झाल्यासारखा दिसला, की सर्व्हरमध्ये दोष शोधत बसायला नको.

तिसरं, टीसीपीला पुन्हा पाठवाव्या लागलेल्या सेगमेंटचं (डेटाच्या तुकड्यांचं) पाठवलेल्या एकूण सेगमेंटशी प्रमाण रोज नोंदवा. नुसती बेरीज नको, प्रमाण. बदल कळतो तो त्यातून.

प्रतिसाद १ (पुन्हा)

फ्री मेमरीचं माझं चुकलं, मान्य. पण ठरावीक आकड्यावरचे अलर्ट बिनकामाचे असं वाचणाऱ्याला वाटू नये. डिस्कची जागा संपणं, आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपणं, फाइल डिस्क्रिप्टरची (एका वेळी उघड्या फाइलींची) मर्यादा गाठणं, रेडमधली डिस्क गळणं, यांना बेसलाइन लागत नाही. जागा ९० टक्के भरली की भरली, सोमवार असो की रविवार. असे अलर्ट पहिल्याच दिवशी लावा, सहा आठवडे थांबू नका.

प्रतिसाद २ (पुन्हा)

अगदी बरोबर, हे मीच लिहायला हवं होतं. जिथे भिंत आहे तिथे ठरावीक आकडा. जिथे चढ-उतार आहे तिथे बेसलाइन.

प्रतिसाद ४

आमच्याकडे विंडोज सर्व्हर आहेत, कोणी शोधत इथे आलं तर त्यांच्यासाठी. परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये डेटा कलेक्टर सेट करा, म्हणजे खिडकी बंद केली तरी नोंद चालू राहते. अवेटच्या जागी तिथे फिजिकल डिस्कचे 'सरासरी सेकंद प्रति वाचन' आणि 'प्रति लेखन' हे काउंटर आहेत. ते सेकंदांत असतात, ०.०२५ म्हणजे २५ मिलिसेकंद, यात गफलत होते. मेमरीसाठी उपलब्ध मेगाबाइट घ्या. सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल तर त्याच्या आतून दिसणारा सीपीयू अर्धीच गोष्ट सांगतो, होस्टकडून मिळायला किती थांबावं लागलं तेही होस्टवर बघा. लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये त्यासाठी 'स्टील' हा आकडा आहे.

प्रश्नकर्ती (सहा आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं केलं, आणि उत्तर सापडलं आहे असं वाटतं.

आधी सुरुवातीच्या गोष्टी. अव्हेलेबल मेमरी १९ जीबीच्या खाली एकदाही गेली नाही. स्वॅप जवळजवळ शून्य. रॅमचा विषय साहेबांपुढे त्या एका ग्राफने संपला. नेटवर्कच्या चुका शून्य आणि सहा आठवड्यांत एकाने वाढल्या नाहीत. आयपर्फला ९३८ मेगाबिट मिळाले. पुन्हा पाठवलेल्या सेगमेंटचं प्रमाण सपाट.

मग वार आणि तासाचे चौकोन भरले. 'सोमवार ९ ते १०' यात वाचण्याच्या अवेटचा मध्यक ९ मिलिसेकंद निघाला. मला वाटलं, सोमवार तर अगदी ठीक आहे! पण ९५ वा पर्सेंटाइल ७१ आला. इतर कुठल्याच चौकोनात मध्यक आणि ९५ वा पर्सेंटाइल यांत एवढं अंतर नव्हतं. एकेक सोमवार वेगळा काढला तर सगळे सारखे, एकच सोडून. त्या सोमवारी सकाळी अवेट ६० ते ८० च्या मध्ये आणि २० एमबीची फाइल, जी एरवी दीड सेकंदात येते, ती ११ सेकंदांनी. जोडलेली माणसं मात्र इतर सोमवारांएवढीच आणि वेबच्या विनंत्याही तेवढ्याच. काम वाढलं नव्हतं, अडलं होतं.

तो महिन्यातल्या पहिल्या रविवारनंतरचा सोमवार होता. मी मागे जाऊन माझ्या पहिल्या प्रश्नाची तारीख पाहिली, तोही तसलाच. क्रॉनची यादी मी तुम्ही सांगितल्यावर काढली होती, त्यात रेडची तपासणी पहिल्या रविवारी, म्हणजे शनिवारच्या मध्यरात्रीनंतर, १२:५७ ला लावलेली दिसतच होती, पण ती मनात जुळली नव्हती. रविवारी रात्रीच साप्ताहिक पूर्ण बॅकअपही चालतो. तपासणी आणि बॅकअप दोघंही त्याच चार डिस्क वाचतात. लॉगमध्ये तपासणी संपल्याची वेळ सोमवारी दुपारी २ ची आहे. म्हणजे सकाळी माणसं आली तेव्हा ती चालूच होती.

एक गोष्ट मला फार शिकवून गेली: त्या सोमवारचं युटिल ९७ आणि इतर सोमवारांचं ८५-९०. म्हणजे मी पहिल्या दिवशी बरोबर जागी बघत होते, पण चुकीच्या रकान्यात.

आता तपासणी शुक्रवार-शनिवारच्या मध्यरात्री सुरू होईल अशी हलवली आहे आणि वहीत लिहिलं आहे. तपासणी बंद केलेली नाही. पूर्ण बॅकअप रविवारी रात्रीच ठेवला, तोवर तपासणी संपायला हवी. पुढच्या महिन्यात कळेल. एक शंका: मी गोळा केलेल्या सहा आठवड्यांत तो वाईट सोमवारही आहे. बेसलाइनमध्ये तो ठेवू की काढू?

प्रतिसाद २

फार छान काम केलंत ताई. मध्यक आणि ९५ वा यांतल्या अंतरावर तुम्ही थांबलात, तिथेच सगळं सापडलं. मात्र सहा सोमवारांतला एक वाईट होता म्हणूनच तो ९५ व्या पर्सेंटाइलमध्ये उमटला. वीस-पंचवीस सोमवारांत एकच वाईट असता तर तो आकडाही शांत दिसला असता. म्हणून प्रत्येक चौकोनातला सर्वात मोठा आकडाही शेजारी ठेवत जा.

तो सोमवार काढू नका, पुसू तर मुळीच नका. त्या काळाची बेसलाइन तशीच होती. तिच्यावर 'तपासणी हलवण्याआधी' असं लिहून बाजूला ठेवा आणि बदल केलेल्या तारखेपासून नवीन बेसलाइन सुरू करा. अलर्टची पातळी मात्र फक्त चांगल्या सोमवारांवरून ठरवा, नाहीतर ७१ मिलिसेकंदांना तुम्ही 'चालतं' म्हणून मान्यता दिल्यासारखं होईल. आणि अलर्ट एका मिनिटाच्या उसळीवर नको. अवेट त्या तासाच्या ९५ व्या पर्सेंटाइलच्या वर सलग १५ मिनिटं राहिला आणि फाइलची चाचणीही नेहमीच्या तिपटीपुढे गेली, तरच फोन वाजू दे. दोन्ही अटी एकत्र ठेवल्या की रात्री उगाच झोपमोड होत नाही, आणि अलर्ट आला की तुम्ही तो खरा मानता.

प्रश्नकर्ती (आणखी एका महिन्याने)

कालचा सोमवार पहिल्या रविवारनंतरचा होता. तपासणी रविवारी दुपारी ४ ला संपली, बॅकअपच्या आधी. सकाळी ९ ते १० मध्ये अवेटचा मध्यक ९, सर्वात मोठा १४. फाइल दीड सेकंदात. एकही फोन आला नाही.

नवीन बेसलाइन कितीदा घ्यायची?

प्रतिसाद २

तारखेला बांधून घेऊ नका. वहीत नवीन मोठी ओळ आली की घ्या: डिस्क बदलल्या, कर्नलची मोठी आवृत्ती आली, माणसं ठळकपणे वाढली. काहीच बदललं नाही तर तीन महिन्यांनी जुन्या चौकोनांवर नवे चौकोन ठेवून बघा. अव्हेलेबल मेमरी हळूहळू उतरताना किंवा अवेट दर तिमाहीला एक-एक मिलिसेकंदाने चढताना तिथे दिसेल. नवीन सर्व्हर कधी घ्यायचा, हा साहेबांचा प्रश्न अजून शिल्लक आहे ना, त्याचं उत्तर त्या उतारावरून काढता येईल. ९० दिवसांची मुदत त्यासाठी अपुरी पडेल, म्हणून तासाचा मध्यक, ९५ वा आणि सर्वात मोठा एवढे तीन आकडे वेगळ्या फाइलीत कायमचे साठवायला आजपासूनच सुरुवात करा.